कोरडी करून देणारा माणूस

कोरडे हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव दुकानाच्या परवान्यावर होतं, परवाना फ्रेममध्ये होता, आणि फ्रेमवर इतकी धूळ होती की ते नाव वाचायची तसदी वर्षानुवर्षं कुणी घेतली नव्हती. गल्लीत, गॅरेजात, भंगाराच्या वखारीत ते कोरडेच होते. पत्रंसुद्धा कोरडे नावानं यायची आणि बिनचूक पोहोचायची. हे नाव त्यांच्याच एका वाक्यानं त्यांना चिकटवलं होतं. मेलेली बॅटरी घेऊन कुणी दारात आलं की ते मान वर न करता म्हणायचे, "ठेवा. कोरडी करून देतो."

ज्यांनी कधी बॅटरी उघडलेली नाही त्यांना हे सांगायला हवं. गाडीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिशाच्या प्लेटा असतात आणि त्या बुडतील एवढं ॲसिड असतं. पण या धंद्यात ॲसिडला कुणी ॲसिड म्हणत नाही. पाणी म्हणतात. पाणी कमी झालंय, पाणी बदला, पाणी काढा. भंगारवाल्याला हवं असतं शिसं. पाण्याची त्याला कटकट. टेम्पोत सांडतं, पोती जाळतं, हमालांच्या पायांवर उडतं. त्याला बॅटरी कोरडी हवी, आणि कोरडी करण्यात कोरड्यांचा हात धरणारा माणूस त्या भागात नव्हता. बुचं काढायची, बॅटरी पालथी घालायची, तीनदा विसळायची, उन्हात तिरकी उभी करायची. फारच गाळ असेल तर खोकं फोडून प्लेटा वेगळ्या धुवायच्या. "थेंब सापडला तर दाखवा," असं ते म्हणत, आणि खरोखर सापडत नसे. माणूसही तसाच स्वच्छ. जेवायला बसण्याआधी कोपरापर्यंत साबण, नखांना ब्रश, वेगळा सदरा. तेहेतीस वर्षांत त्यांच्या ताटाला कधी काळा डाग लागला नाही.

थेंब जायचा कुठे, हे तेहेतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. दुकानाच्या मागे अंगण होतं, भिंतीनं बंद केलेलं, मोकळ्या मातीचं. तिथं एक उतार होता आणि उताराच्या टोकाला एक खळगा. बस्स.

मग दिवस पालटले. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या नाहीत, जशाच्या तशा गोळा करून कारखान्यात पाठवायच्या, असा नियम आला. तोवर कोरड्यांची पाठही कुरकुरायला लागली होती. त्यांनी फोडाफोडी बंद केली आणि दुकान नुसतं गोळा करण्यापुरतं ठेवलं: जुनी द्या, नवी घ्या. त्यासाठी कारखान्यानं सगळ्या दुकानदारांना एक दिवस सकाळी शिकायला बोलावलं. येताना प्रत्येकानं एक जुनी बॅटरी आणावी, असं कळवलं होतं.

पत्र्याच्या शेडमध्ये पंचवीसेक बॅटरीवाले प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. शिकवायला एक बाई होत्या, जाड तळव्यांचे बूट घातलेल्या, आवाज असा की माइकला लाज वाटावी. टेबलावर सगळ्यांच्या बॅटऱ्या मांडल्या होत्या. एकीच्या कडेनं पांढरं-हिरवं फुललं होतं, दुसरी पाझरत होती, तिसरीला दोरी बांधलेली. आणि त्यांच्यात कोरड्यांची बॅटरी नवरदेवासारखी उठून दिसत होती. विसळलेली, पुसलेली, अगदी लेबलसुद्धा ओल्या फडक्यानं साफ केलेलं. कोरड्यांनी ती मुद्दाम पुढच्या कडेला ठेवली होती. कौतुक व्हावं अशी त्यांची अपेक्षा होती, आणि का नसावी? जन्मभर ज्याची वाहवा झाली तीच गोष्ट माणूस चारचौघांत घेऊन जातो.

बाईंनी ती एका हातानं उचलली. "ही कुणी आणली?"

कोरडे सदरा खाली ओढत उभे राहिले. "मी."

"फार स्वच्छ आहे."

कोरड्यांनी शेजारच्याकडे पाहून घेतलं.

"यातलं पाणी कुठं गेलं?" बाईंनी विचारलं.

"काढलं."

"काढलं ते दिसतंय, काका. गेलं कुठं?"

"गेलं म्हणजे... गेलं. जमिनीत."

"कुठल्या जमिनीत?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. हसणाऱ्यानं तरी कुठं काय वेगळं केलं होतं? पण सापडला तो चोर. बाई मात्र हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी बॅटरी खाली ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, की बॅटरी उलटी केली की नुसतं पाणी जात नाही, प्लेटांची भुकटी त्याच्याबरोबर जाते. पाणी पुढं कुठंतरी मुरतं. शिसं मुरत नाही, कुजत नाही, उडून जात नाही. जिथं पडतं तिथं बसून राहतं, तुम्ही मेल्यावरसुद्धा. "म्हणून बॅटरी ओली आणायची. उभी ठेवायची, बुचं घट्ट, टोकांना चिकटपट्टी, खाली लाकडी फळी. आमच्याकडे पाण्याचाही बंदोबस्त आहे आणि शिसं तर सगळंच्या सगळं पुन्हा नव्या बॅटरीत जातं. ओली तीच चांगली. लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. कोरड्यांच्या वहीचं पान मात्र कोरंच राहिलं.

घरी येईपर्यंत त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. एवढी वर्षं झाली, आपण ठणठणीत आहोत, बायको ठणठणीत आहे, शिकवणाऱ्यांना घाबरवल्याशिवाय शिकवता येत नाही. दुकानातून मागच्या दारानं अंगणात पाऊल टाकलं, तर लेक तिथं गुडघ्यावर बसून खडूनं भिंतीवर खुणा करत होती.

"बाबा, बरे आलात. टेपचं दुसरं टोक धरा."

लेक चौतीस वर्षांची. शाळेत गणितात तीनदा नापास झाली आणि चौथ्यांदा बसली नाही. त्यानंतर बारा वर्षं ती दुसऱ्यांच्या पाळणाघरांत राबली. तिथल्या मालकिणी बदलल्या, मुलं मात्र हिलाच चिकटायची. रडून लाल झालेलं पोर हिच्या खांद्यावर आलं की दोन मिनिटांत झोपी जायचं. तिच्या लक्षात काही राहत नसे हे खरं. म्हणून ती सगळं चिठ्ठ्यांवर लिहायची आणि चिठ्ठ्या भिंतीला डकवायची. कुणाला दूध चालत नाही, कुणाला अंधाराची भीती वाटते. मुलं मोजताना बोटं वापरायची, आणि एकदा मोजून भागत नसे, तीन-तीनदा मोजायची. मुलांच्या आयांना तेच आवडे. आता पहिल्यांदाच ती स्वतःचं पाळणाघर काढणार होती. कोरड्यांनी फोडाफोडी बंद केल्यामुळे मागचं अंगण आणि त्यालगतची खोली मोकळी झाली होती. पंधरा मुलांच्या आईबापांनी नावं नोंदवली होती आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला दार उघडायचं होतं.

"इथं काय करणार?" कोरड्यांनी विचारलं, टेपचं टोक धरून. टोक बरोबर त्या खळग्यावर आलं होतं.

"इथं? काही नाही. नुसती माती," लेक खुशीत म्हणाली. "झोके नकोत, घसरगुंडी नको. उकरू देत, कालवू देत, घरं बांधू देत. हल्लीच्या पोरांना माती बघायला तरी मिळते का? जिथं तिथं फरश्या. आया त्याच्यासाठीच तर माझ्याकडे पाठवतायत."

"तोंडात घातली तर?"

"घालणारच. थोडी माती पोटात गेल्यानं काही होत नाही, बाबा. टेप ताठ धरा ना, हलतोय."

कोरड्यांनी टेपचं टोक पायाखाली दाबून धरलं.

त्या दिवसापासून कोरड्यांच्या पायांना भिंगरी लागली. बसले की उठायचे, उठले की अंगणात जायचे, तिथून दुकानात, दुकानातून पुन्हा अंगणात. चहा पुढ्यात ठेवला की तो गार होईपर्यंत चार फेऱ्या. बायकोनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, काय हरवलंय ते सांगा म्हणजे मीही शोधते." ते म्हणाले, "कुठं काय?" ती म्हणाली, "मग बसा की एका जागी. तुमच्याकडे बघून मला गरगरायला लागलंय."

सांगायचं तर होतं, पण कुणाला आणि कसं? लेकीला सांगावं तर तिचं पाळणाघर बसतं. बारा वर्षांनी तिच्या हाताशी आलेली एकच गोष्ट, तीही बापानं हिरावून घ्यायची. न सांगावं तर पंधरा पोरं त्या मातीत बसणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कोरड्यांनी मग जे सगळे भित्रे लोक करतात तेच केलं. खरं कारण पोटात ठेवून खोटी कारणं काढायला सुरुवात केली.

"फरशी घालू या," ते म्हणाले. "पोरांचे पाय मळतील."

"मळू देत. धुवायला मी आहे."

"मातीत साप निघतात."

लेक हसली. "बाबा, या अंगणात मी आजवर गांडूळ बघितलं नाही. साप कुठून निघणार?"

ती हे गमतीनं म्हणाली आणि खोलीत पडदे लावायला गेली. कोरडे तिथंच उभे राहिले. खरंच, गांडूळ नव्हतं. खळग्याभोवती गवताची काडी नव्हती. एवढी वर्षं सगळे म्हणायचे, भिंतीची सावली पडते म्हणून उगवत नाही. सावली तर भिंतीच्या पलीकडेही पडत होती, आणि तिकडे शेजाऱ्यांचं गवत गुडघ्याएवढं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुदळ काढली. ज्या पाठीपायी धंदा कमी केला त्याच पाठीनं ते खळग्याभोवतीची माती खणायला लागले. वीतभर, हातभर, आणखी थोडी. घमेल्यानं पोत्यांत भरायची, तोंडं सुतळीनं शिवायची. खालची माती वरच्यापेक्षा करडी होती, मध्येच पांढुरके खडे लागायचे. लेकीला वाटलं, बाबा जमीन सारखी करून देतायत. ती तेवढ्यासाठी दोनदा त्यांना पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "किती करता हो माझ्यासाठी!" हे ऐकून त्यांना कुदळ स्वतःच्या पायावर मारून घ्यावीशी वाटली.

अकरा पोती भरली. आणि मग पुढचा प्रश्न उभा राहिला. ही टाकायची कुठं? नदीकाठी? लोकांच्या शेतात? आपल्या अंगणातून उचलून दुसऱ्याच्या अंगणात? पाणी जमिनीत ओतताना हा प्रश्न कधी पडला नव्हता. आता मात्र मातीच हातात धरून बसायची पाळी आली. सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा त्यांनी एक पोतं ओढत बाहेर नेलं. कचरेवाल्यानं ते उचलताना कण्हून विचारलं, "काका, दगड भरलेत की काय?" "माती आहे," कोरडे म्हणाले. पोतं गाडीत पडलं, गाडी निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत कोरडे नुसते बघत राहिले आणि मग चपला तिथंच टाकून गाडीमागं पळत सुटले. साठी उलटलेला माणूस अनवाणी पळतोय, पुढं कचऱ्याची गाडी. रस्त्यावरच्या लोकांना फुकटची करमणूक झाली.

"थांबा! पोतं परत द्या!"

"का? सोनं राहिलं का आत?" कचरेवाला हसत होता. पण त्या हातमोजे नसलेल्या हातांकडे पाहून कोरड्यांना हसू आलं नाही. त्यांनी पोतं पाठीवर घेतलं आणि सगळ्या गल्लीदेखत घरी आणलं. बायको दारात उभी होती. तिनं कपाळाला हात लावला, पण काही विचारलं नाही. ती विचारायची थांबली याचीच कोरड्यांना जास्त भीती वाटली.

खड्डा मात्र छान दिसत होता. चौकोनी, कडा छाटलेल्या. लेक म्हणाली, "आता यात नदीची वाळू नाहीतर नवी माती टाकू, झालं काम." हे ऐकलं आणि कोरड्यांच्या जिवात जीव आला. अरे, एवढं सोपं! वाईट माती काढली, चांगली भरली, पोती कारखान्यात पोहोचवली, कुणाला ताकास तूर लागायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त एक खात्री करून घ्यायची, की खड्ड्याच्या तळाशी उरली ती माती चांगली आहे. त्यांनी दोन काचेच्या बरण्या घेतल्या, एकीत तळाची माती, दुसरीत भिंतीकडची, आणि बस पकडून कारखान्यातल्या बाईंकडे गेले.

बाईंनी ओळखलं. "स्वच्छ बॅटरीवाले काका!" मग बरण्या पाहिल्या आणि चेहरा गंभीर केला. "तपासायला पाठवते. आठ दिवस लागतील. अंगणात कोण असतं?"

"कुणी नाही," कोरडे म्हणाले. अजून कुणी नव्हतं, म्हणजे खोटं बोलले असंही नाही.

ते आठ दिवस कसे गेले ते कोरड्यांच्या चपलांना विचारावं. एक तारखेला तीन दिवस राहिले असताना काही आया पाळणाघर बघायला आल्या. लेकीनं खोली दाखवली, चिठ्ठ्या दाखवल्या, कौतुक होत होतं. तेवढ्यात त्यांच्यातल्या एकीची दोन वर्षांची मुलगी सुटली, थेट खड्ड्याच्या काठावर जाऊन बसली आणि तिनं मूठ भरली. मूठ तोंडापाशी गेली तोच कोरडे दुकानातून धावले. तिला बखोटीला धरून उचललं, नळाखाली नेलं आणि तिचे हात असे घासले की पोरगी किंचाळायला लागली. कोपरापर्यंत साबण, नखांत ब्रश.

"अहो, काय करताय!" तिची आई ओरडली. "मातीच आहे ना ती?"

कोरड्यांनी नळ आणखी मोठा सोडला.

आया गेल्यावर लेक त्यांच्यापुढं उभी राहिली. तिचा आवाज चढत नसे, नुसता थरथरायचा. "माझ्या पहिल्याच मुलीला घाबरवलंत, बाबा. तुम्हाला हे नकोय का? नको असेल तर तसं सांगा. मला नाहीतरी कुणी कधी म्हणालं नाही, की तुला जमेल."

"जमेल तुला," कोरडे म्हणाले. "तुला नक्की जमेल." आणि दुकानात जाऊन काहीही कारण नसताना शटर खाली-वर केलं.

निकाल दुसऱ्या दिवशी आला. बाईंनी कागद टेबलावर सरळ केला. "तळाचीसुद्धा वाईट आहे, काका. आणि भिंतीकडची त्याहून वाईट. किती खोल आणि किती लांब गेलंय ते मोजायला मी माणसं पाठवते. पोती तीच घेऊन जातील, त्यांची वेगळी जागा असते. तोवर तिथं कुणी पाऊल टाकायचं नाही."

"वर फरशी घातली तर?"

"मोठ्यांचं दुकान काढायचं असेल तर बघू, आधी साफ करून. कशाला हवंय?"

कोरड्यांनी खाली बघून सांगितलं. पाळणाघराला. बाईंनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "ते तुम्हीच मला सांगा, घालाल का तिथं मूल?"

"काय होतं पोरांना?" कोरड्यांनी विचारलं. "म्हणजे, मरतात का?"

"फार झालं तर तसंही होतं. पण बहुतेकांना काहीच झालेलं दिसत नाही, तेच तर वाईट आहे. रांगायच्या वयात हात तोंडात जातात, थोडं थोडं पोटात जातं. पोट दुखतं म्हणून मूल रडतं. पुढं शाळेत लक्ष लागत नाही. आकडे डोक्यात थांबत नाहीत, सांगितलेलं आठवत नाही. आजारी दिसत नाही ना, म्हणून डॉक्टरकडे कुणी नेत नाही. घरचे म्हणतात, मठ्ठ आहे."

खिडकीबाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. कोरड्यांना तो आवाज ऐकू येत होता आणि दुसरं काही ऐकू येत नव्हतं. दुकान सुरू केलं त्या वर्षी लेक सात महिन्यांची होती. बायको कपडे वाळत घालताना तिला अंगणात सोडायची. कोवळं ऊन असायचं. कोरडे एका कोपऱ्यात बॅटरी विसळायचे, लेक दुसऱ्या कोपऱ्यातून रांगत त्यांच्याकडे यायची, आणि ती येईपर्यंत हात धुऊन तयार राहायचे ते, तिला उचलायला. हात धुऊन! गणिताच्या परीक्षेच्या सकाळी पोट दुखतंय म्हणून ती कळवळायची, तेव्हा ते म्हणायचे, नाटकं. निकालाच्या दिवशी म्हणायचे, मठ्ठ. सुरुवातीला रागानं म्हणायचे, नंतर लाडानं. मग ते घरातलं नेहमीचंच होऊन गेलं. आमची मठ्ठ.

"बाई," ते म्हणाले, "एखाद्या मोठ्या माणसाचं सांगता येतं? की हे त्याच्यामुळेच झालं?"

"एकेकाचं खात्रीनं नाही सांगता येत. मुलं नुसतीही नापास होतात." मग त्यांच्या तोंडाकडे पाहून बाईंनी आवाज खाली आणला. "रक्त तपासून घ्या घरातल्या सगळ्यांचं. मी चिठ्ठी देते."

बसमधून ते दोन थांबे आधीच उतरले आणि चालत निघाले. वाटेत त्यांनी ठरवलं, की अर्धंच सांगायचं. माती वाईट आहे, पाळणाघर इथं नको, दुसरी जागा बघू. एवढं पुरे. बाकीचं सांगून उपयोग काय? खात्री तर कुणालाच नाही, खुद्द बाईंना नाही. चौतीस वर्षांची झाली, आता तिला कशाला टोचायचं? चौकापर्यंत हे पटलेलं होतं. चौकात ते उलटं झालं. तिला टोचू नये म्हणून गप्प बसतोय, की आपल्याला टोचू नये म्हणून? घराच्या दारापर्यंत त्यांचं पाच वेळा ठरलं आणि पाच वेळा मोडलं.

लेक खोलीत स्टुलावर उभी राहून मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या खुंट्यांवर डकवत होती. पंधरा खुंट्या, पंधरा चिठ्ठ्या. ओठांतल्या ओठांत मोजणं चाललं होतं.

"खाली उतर जरा," कोरडे म्हणाले. "पाळणाघर इथं होणार नाही."

ती उतरली. त्यांनी उभ्याउभ्याच मातीचं सगळं सांगितलं. पाणी म्हणजे काय, ते कुठं ओतलं, किती वर्षं, पोत्यांत काय आहे, त्या मुलीचे हात का घासले, कागदावर काय आलंय. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून संपलं तेव्हा तिनं खुंटीवरची पहिली चिठ्ठी काढली. मग दुसरी. पंधराच्या पंधरा काढून त्यांचा गठ्ठा केला आणि पुन्हा मोजला.

"या लोकांना कळवायला हवं," ती म्हणाली. "खरं काय ते. आणि ते तुम्ही सांगायचं, मी नाही."

"मी सांगतो. प्रत्येकाच्या घरी जातो."

"कधीपासून ओतत होतात तुम्ही तिथं?"

"दुकान काढलं तेव्हापासून."

"मी केवढी होते?"

इथं थांबता आलं असतं. लहान होतीस, एवढं म्हणून भागलं असतं. "सात महिन्यांची," कोरडे म्हणाले. "रांगायला लागली होतीस. तिथंच रांगायचीस." आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. पोटदुखीचं, आकड्यांचं, न आठवण्याचं, सगळं बाईंच्या शब्दांत, कारण स्वतःचे शब्द त्यांच्यापाशी नव्हते. "खात्रीनं सांगता येत नाही म्हणाल्या. पण असं होतं म्हणाल्या. घरचे त्याला मठ्ठ म्हणतात, म्हणाल्या."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. आता ओरडेल, कोरड्यांना वाटलं. ओरडू दे. हातातल्या चिठ्ठ्या तोंडावर फेकू दे, घरातून निघून जाऊ दे, काहीही करू दे. त्यांनी मान खाली घातली.

"म्हणजे मी मठ्ठ नव्हते," लेक म्हणाली.

कोरड्यांनी मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चेहरा उजळला होता. त्यांनी तो तसा कधी पाहिला नव्हता, एकाही निकालाच्या दिवशी नाही.

"बाबा, मी मुळात नव्हते का हो मठ्ठ?"

"नव्हतीस."

"मला येत होतं. मी खरंच करायचे अभ्यास. मला वाटायचं, इतकं करूनही कसं राहत नाही..." तिनं चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यानंच डोळे पुसले आणि पास झालेल्या शाळकरी मुलीसारखी दाराकडे धावली. "आई! आई, इकडे ये लवकर! बाबा काय सांगतायत ऐक!"

कोरड्यांना आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नव्हती. शिव्या खाल्ल्या असत्या तर त्या अंगावर घेता आल्या असत्या. या आनंदाचं काय करायचं ते त्यांना कळेना. बायको ओले हात पदराला पुसत आली आणि दोघांच्या तोंडांकडे बघत उंबऱ्यात थांबली.

"काय झालं?"

"सांगा ना, बाबा," लेक म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."

कोरड्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. यावेळी त्यांना फार वेळ लागला.